एकांत, साक्ष आणि लोकापवाद

माझी आत्या वयाच्या तेविसाव्या वर्षी माहेरी परत आली आणि पुढची सेहेचाळीस वर्षे आमच्याच घरी राहिली. ‘परत आली’ हा घरातला शब्द. खरे तर तिला परत पाठवण्यात आले होते. १९६३ सालच्या श्रावणात नागपंचमीचे माहेरपण आटोपून ती सासरी निघाली. तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात आडगावी जायचे म्हणजे निम्मी वाट पायीच. सोबतीला गावातलेच एक गृहस्थ दिले होते, तिच्याहून वयाने बरेच मोठे, लेकुरवाळे. वाटेत पावसाने गाठले, ओहोळावरचा साकव वाहून गेला. पुढे जाता येईना, मागे फिरावे तर अंधार झालेला. दोघांनी एका शेतावरच्या खोपटात रात्र काढली. सकाळी पाणी ओसरल्यावर ती सासरी पोहोचली, तेव्हा बातमी तिच्या आधी पोहोचली होती. आठ दिवसांत सासरच्या माणसांनी तिला ट्रंकेसकट आमच्या ओटीवर आणून सोडले.

मी जन्मलो त्याच्या कितीतरी नंतर. ही हकीकत मला तुकड्यातुकड्यांनी कळली आणि त्यात सर्वांत खटकलेली गोष्ट अशी, की त्या रात्री काय झाले हे तिला कुणी विचारलेच नव्हते. सासरच्यांनी नाही, माझ्या आजीने नाही, वडिलांनीही नाही. विचारायची गरजच कुणाला वाटली नाही. दोघे एका छपराखाली एकटे होते, एवढ्यावर निकाल लागला होता. सोबत गेलेल्या गृहस्थांचे मात्र काही बिघडले नाही. ते पुढे गावचे पंच झाले.

गेली दहा-बारा वर्षे मी ज्यू धर्मशास्त्रातील एका नियमाचा जमेल तसा अभ्यास करतो आहे. परक्या स्त्री-पुरुषांनी एकांतात राहू नये, असा तो नियम. जगातल्या बहुतेक जुन्या समाजांत अशी काहीतरी बंधने आहेत. परंतु ज्यूंनी या एका बंधनावर दोन हजार वर्षे जितका बारीक कीस काढला तितका इतरत्र क्वचितच सापडेल. तो वाचताना माझ्या मनात प्रश्न एकच होता. एकांताला इतके भिणारे हे शास्त्र, ज्यांच्याकडून एकांत घडून गेला त्यांच्याशी कसे वागते?

*

माझा या विषयाशी संबंध कसा आला ते थोडक्यात सांगतो. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, पेशाने सरकारी कचेरीतला लिपिक. इतिहास किंवा भाषा मी कुठल्या विद्यापीठात शिकलेलो नाही. पण अलिबागच्या परिसरात वाढलेल्या माणसाला बेने इस्रायल समाज अनोळखी नसतो. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून यांना ‘शनवार तेली’ म्हणत. त्यांच्या पूर्वजांचे गलबत नवगावच्या किनाऱ्याजवळ फुटले अशी त्यांची परंपरा सांगते. त्यांच्या दफनभूमींतल्या शिळांवर मराठी आणि हिब्रू अशा दोन्ही भाषा शेजारी शेजारी कोरलेल्या दिसतात. त्यातली एक वाचता येते आणि दुसरी येत नाही, याची चुटपुट लागून चाळिशी उलटल्यावर मी हिब्रूची बावीस अक्षरे गिरवायला घेतली. थडग्यांवरून प्रार्थनेच्या पुस्तकांकडे आणि तिथून तालमूदाकडे वळलो. आज तालमूद मूळ हिब्रू-अरामी पाठासह इंग्रजी भाषांतरात घरबसल्या वाचता येतो. माझ्यासारख्याला त्याचाच आधार.

एक खुलासा इथेच करायला हवा. या नियमाचा शोध कोकणात घेऊन उपयोग नाही. बेने इस्रायलांनी शब्बाथ, सुंता, ‘शेमा’ची प्रार्थना आणि खाण्यापिण्याचे काही निर्बंध शतकानुशतके जपले, मात्र तालमूद त्यांच्यापाशी नव्हता. रब्बींचे शास्त्र त्यांना कोचीनच्या आणि बगदादी ज्यूंच्या सहवासातून अलीकडच्या शतकांत परिचित झाले. नियमाचे खरे घर आहे गॅलिली आणि बाबिलोनिया.

नियमाचे नाव ‘यिहूद’. ऐकायला ‘यहुदी’सारखे वाटते, पण दोहोंचा संबंध नाही. यहुदी हा शब्द येहूदा या वंशाच्या नावावरून आला. यिहूद आला आहे तो ‘एहाद’, म्हणजे ‘एक’ या अर्थाच्या शब्दाच्या कुळातून. आपल्या ‘एकांत’ शब्दातही ‘एक’ आहेच. दोन माणसे वेगळी पडून जणू एक होण्याची जी शक्यता, तिचे हे नाव. गंमत अशी, की ज्यू तत्त्वचिंतनात ईश्वराचे एकत्व सांगायलाही हाच शब्द वापरतात. शब्द पवित्र आहे, आणि निषिद्धही.

*

इ. स. २००च्या सुमारास गॅलिलीत रब्बी येहूदा हा-नासी यांनी तोंडी चालत आलेले नियम एकत्र केले. त्या संहितेला मिश्ना म्हणतात. तिच्या ‘किद्दुशीन’ या विवाहविषयक प्रकरणाच्या अखेरीस यिहूदचे मूळ सूत्र येते. एका पुरुषाने दोन स्त्रियांबरोबर एकांतात राहू नये. एका स्त्रीने दोन पुरुषांबरोबर राहिले तर चालेल. रब्बी शिमोन यांचे मत थोडे सैल आहे. पुरुषाची बायको बरोबर असेल तर तो दोन स्त्रियांबरोबरही राहू शकतो, धर्मशाळेत एका ठिकाणी झोपूही शकतो, कारण बायको त्याची राखण करते. आईबरोबर आणि मुलीबरोबर एकांताला हरकत नाही. अविवाहित पुरुषाने लहान मुलांची शाळा चालवू नये, स्त्रीनेही चालवू नये. का? मुलांना सोडायला पुरुष शिक्षकाकडे आया येतील आणि शिक्षिकेकडे बाप येतील, असे तालमूद कारण देतो.

मिश्नेवर पुढची तीनशे वर्षे बाबिलोनियातील विद्यापीठांत जी चर्चा झाली ती म्हणजे गेमारा. मिश्ना आणि गेमारा मिळून तालमूद. या चर्चेत पहिला प्रश्न असा, की धर्मग्रंथात हा नियम आहे तरी कुठे? उत्तर मोठे चमत्कारिक आहे. ‘अनुवाद’ या ग्रंथाच्या तेराव्या अध्यायात, तुझा भाऊ, तुझ्या आईचा मुलगा, तुला परक्या देवांकडे वळवू लागला तर त्याचे ऐकू नकोस, अशी आज्ञा आहे. रब्बी विचारतात, बापाचा मुलगा कुमार्गाला लावत नाही काय? मग आईचाच उल्लेख कशासाठी? आणि उत्तर देतात : मुलगा आईबरोबर एकांतात असू शकतो, म्हणून आईचा उल्लेख, निषिद्ध नात्यातल्या इतर स्त्रियांबरोबर तो असू शकत नाही. आपल्याकडच्या मीमांसकांना ही पद्धत ओळखीची वाटेल. रब्बी स्वतःही याला आज्ञा म्हणत नाहीत. ही केवळ सूचना, असेच ते म्हणतात.

तालमूद या नियमाचे तीन थर सांगतो. विवाहित आणि निषिद्ध नात्यातल्या स्त्रीबरोबरचा एकांत मूळ धर्मग्रंथानेच वर्ज्य केला. अविवाहित स्त्रीबरोबरचा एकांत दावीद राजाच्या न्यायसभेने वर्ज्य केला. परधर्मीय स्त्रीबरोबरचा एकांत शम्माई आणि हिल्लेल यांच्या शिष्यपरंपरांनी वर्ज्य केला.

यातला दुसरा थर नीट पाहण्यासारखा आहे, कारण त्यामागे एक गुन्हा आहे. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात दावीदाचा मुलगा अम्नोन सावत्र बहीण तामार हिच्यावर आसक्त होतो. आजाराचे सोंग घेतो आणि तिच्या हातचे खायला मिळावे म्हणून तिला बोलावून घेतो. ती पोळ्या करते. मग तो खोलीतल्या सगळ्यांना बाहेर काढतो आणि बळजबरी करतो. लगेच त्याला तिचा तिटकारा येतो. चाकराला सांगून तो तिला बाहेर घालवतो, मागून दाराला अडसर लावायला लावतो. तामार डोक्यात राख घालून, वस्त्र फाडून, आक्रोश करत जाते आणि पुढे भावाच्या, अबशालोमाच्या घरी उद्ध्वस्त होऊन राहते.

भावाच्या घरी. हा शेवट मी पहिल्यांदा वाचला तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो.

रब्बींचे म्हणणे असे, की तामारच्या आक्रोशाने त्या दिवशी एक मोठे कुंपण उभे राहिले. राजकन्येच्या बाबतीत असे घडते, तर सामान्यांच्या लेकींचे काय, असा विचार लोकांनी केला आणि अविवाहित मुलीबरोबरचा एकांतही वर्ज्य ठरला. म्हणजे या परंपरेच्या स्वतःच्या आठवणीनुसार नियमाच्या या भागाचे मूळ स्त्रीच्या चंचलतेत नाही. एका सत्ताधारी पुरुषाने नोकरांना बाहेर काढले, आणि नंतर अडसर लावायला लावला, त्यात आहे.

*

एकांत कशाने मोडतो, या प्रश्नावर तालमूद रमतो. दार रस्त्याकडे उघडे असेल तर एकांत होत नाही, असे रव योसेफ सांगतात. नवरा त्याच गावात असेल तर बायकोच्या एकांताबद्दल फारशी चिंता नको, असे रब्बा यांचे मत. तो कधीही दारात उभा राहील, हे दोघांनाही ठाऊक असते. स्त्री-पुरुष जमतात तिथे अबाये मडक्यांची रांग लावून ठेवत आणि रवा वेताचे काड पसरत. कुणी हद्द ओलांडली तर खडखडाट किंवा चुरचुर व्हावी, एवढाच हेतू. भिंत बांधा, असे कुणी म्हणत नाही. कुणीतरी येऊ शकेल, कुणाच्या तरी कानावर जाईल, एवढी शक्यता राहिली की पुरे.

दोन पुरुष आणि एक स्त्री चालेल, असे मिश्ना म्हणते. तिसऱ्या शतकातले रव त्याला पुस्ती जोडतात, की ते दोघे सज्जन असले तरच. शिवाय गावात दोन पुरतात, वाटेवर तीन हवेत. न जाणो, एकाला शौचाला जावे लागले तर उरलेले दोघे एकटे पडतील. असे हे रव एकदा आपले शिष्य रव येहूदा यांच्यासह वाटेने चालले होते. पुढे एक स्त्री चालली होती. रव म्हणाले, पाय उचल, नरक मागे टाकू. शिष्याने विचारले, सज्जनांना चालते असे आपणच सांगितले ना? रवांनी उत्तर दिले, की सज्जन म्हणजे तुझ्या-माझ्यासारखे, असे कोण म्हणाले?

याच पानांवर रव अम्राम यांची गोष्ट येते. अम्राम ‘हसीदा’ म्हणजे पुण्यशील म्हणून प्रसिद्ध. नेहर्दिया गावात खंडणी भरून सोडवलेल्या काही स्त्रिया आल्या आणि त्यांना अम्रामांच्या घरी माडीवर ठेवले. खबरदारी म्हणून खालची शिडी काढून घेतली. रात्री त्यांतली एक माडीवरच्या झरोक्याजवळून गेली आणि तिच्या रूपाचा उजेड खाली पडला. दहा माणसांना उचलेना अशी ती शिडी अम्रामांनी एकट्याने उचलून लावली आणि ते चढू लागले. अर्ध्यावर पाय रोवून थांबले आणि सगळ्या ताकदीनिशी ओरडले, की अम्रामच्या घराला आग लागली! शेजारचे पंडित धावत आले. खरा प्रकार पाहून म्हणाले, तुमच्यामुळे आम्हाला खाली मान घालावी लागली. अम्राम म्हणाले, इथे लाज वाटलेली बरी, परलोकात वाटण्यापेक्षा.

या गोष्टीत माडीवरच्या स्त्रीला कुणी बोल लावत नाही. ती फक्त झरोक्याजवळून गेली. आणि अम्राम स्वतःला वाचवण्यासाठी जो उपाय करतात तो म्हणजे एकांत मोडणे, माणसे बोलावणे. संताने स्वतःवर विश्वास ठेवू नये, हेच या पानांचे सार आहे.

आपल्या मनुस्मृतीतही दुसऱ्या अध्यायात असाच विचार आहे. इंद्रिये बलवान असतात, ती विद्वानालाही ओढून नेतात, म्हणून आई, बहीण, मुलगी यांच्याबरोबरही एकांतात बसू नये, असे तिथे म्हटले आहे. इथे मनू रब्बींहून कडक आहे. कारण रब्बी आईला आणि मुलीला सवलत देतात. पण पुरुषाचा पुरुषावर भरवसा नाही, हे दोन्हीकडे सारखे.

हे सगळे वाचून ज्यू शास्त्रकारांना स्त्रीमुक्तीचे पुरस्कर्ते ठरवण्याचा मोह होईल. तसे करू नये. एका पुरुषाला दोन स्त्रिया का चालत नाहीत आणि एका स्त्रीला दोन पुरुष का चालतात, याचे तालमूदाने दिलेले कारण असे, की स्त्रियांचे मन हलके असते. एकीला मोह पडला तर दुसरीलाही पडेल. इथे तामारचा विसर पडलेला दिसतो. आणि शाळा चालवण्याची बंदी दोघांना असली तरी फरक होता. पुरुषाला लग्न करून ती उठवता येई. स्त्रीला ती वाटही मोकळी नव्हती.

*

आता माझ्या मूळ प्रश्नाकडे येतो. एकांत घडून गेला, पुढे काय?

बायबलमध्ये, ‘गणना’ या ग्रंथाच्या पाचव्या अध्यायात, संशयित पत्नीची परीक्षा आहे. सीतेच्या अग्निपरीक्षेची आठवण व्हावी अशी. नवऱ्याला संशय आला की त्याने बायकोला याजकाकडे न्यायचे. याजक पवित्र पाण्यात मंदिराच्या जमिनीवरची धूळ मिसळतो, शापाचे शब्द लिहून त्या पाण्यात धुतो आणि ते कडू पाणी तिला प्यायला लावतो. अशा स्त्रीला ‘सोता’ म्हणतात. मिश्नेतले एक सबंध प्रकरण या नावाचे आहे.

रब्बींनी या परीक्षेभोवती अटी घातल्या. नवऱ्याने आधी साक्षीदारांसमोर, अमुक माणसाबरोबर एकटी राहू नकोस, असे नाव घेऊन बजावलेले असले पाहिजे. त्यानंतर त्याच माणसाबरोबर ती एकांतात गेली पाहिजे. नुसता एकांत पुरत नाही, नुसता संशयही पुरत नाही. मग प्रश्न आला, की एकांत किती वेळाचा? इथे रब्बींची उत्तरे मासलेवाईक आहेत. कुणी म्हणतो, खजुराच्या झाडाला फेरी मारायला लागतो तेवढा. कुणी म्हणतो, द्राक्षमद्याचा पेला पाणी घालून तयार करायला लागतो तेवढा. कुणी म्हणतो, तो प्यायला लागतो तेवढा. रब्बी अकिवा म्हणतात, अंडे भाजायला लागतो तेवढा. आणखी कुणी म्हणतो, टोपलीत हात घालून भाकरी काढायला लागतो तेवढा. गेमारा यावर शांतपणे शेरा मारतो, की ज्याने त्याने स्वतःच्या अनुभवावरून माप सांगितले. लगेच शंका निघते, की यातले बेन अज्जाई तर लग्नाविना राहिले होते, त्यांना काय माहीत?

विनोद बाजूला ठेवला तर यातून एक गोष्ट ठरते. एकांत ही मोजायची, साक्षीने सिद्ध करायची गोष्ट आहे. गावात उठलेली बोलवा नव्हे. आणि ही परीक्षाही फार काळ टिकली नाही. व्यभिचारी वाढले तेव्हा कडू पाण्याचा विधी बंद पडला, रब्बान योहानान बेन झक्काई यांनी तो बंद केला, असे मिश्ना नोंदवते. ते पहिल्या शतकातले. त्याच प्रकरणात असेही मत आहे, की पाणी जशी तिची परीक्षा घेते तशी त्याचीही, म्हणजे तिच्याबरोबरच्या पुरुषाचीही, घेते.

पण ज्या स्त्रीला नवऱ्याने आधी काही बजावलेले नाही, तिच्याकडून परपुरुषाबरोबर एकांत घडला तर? याचे उत्तर ‘किद्दुशीन’च्या त्याच पानावर आहे. रवांनी दोन भागांत निर्णय दिला. एकांतासाठी फटक्यांची शिक्षा आहे. मात्र एकांतामुळे बायको नवऱ्याला वर्ज्य होत नाही. पहिला भाग कडक आहे, पण मला महत्त्वाचा वाटतो तो दुसरा. व्यभिचार सिद्ध झाला तर ज्यू शास्त्रात नवऱ्याला ती बायको ठेवताच येत नाही. रवांनी सांगितले, की एकांत हा एकांत आहे. व्यभिचाराचा पुरावा नाही. लग्न जिथल्या तिथे राहते.

यानंतर जी चर्चा येते तिच्यासाठी मी हा लेख लिहायला बसलो. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला बाबिलोनियातील रव आशी, तालमूदाच्या संकलनात ज्यांचे नाव अग्रभागी घेतात ते, म्हणतात की ही फटक्यांची शिक्षा अविवाहित स्त्रीबरोबरच्या एकांतापुरतीच. विवाहितेच्या बाबतीत ती देऊ नये. का? तिला चव्हाट्यावर शिक्षा झाली, की लोक समजतील ती व्यभिचारी. मग तिच्या मुलांना बट्टा लागेल. मार झुत्रा नावाचे दुसरे न्यायाधीश वेगळी वाट काढत. ते शिक्षा देत, पण त्याबरोबर दवंडी पिटवत, की ही शिक्षा फक्त एकांताची, दुसऱ्या कशाची नाही. तेव्हा एका पंडिताने रव आशींना सुचवले, आपणही तसेच करावे. रव आशींनी उत्तर दिले, की काही लोक एक गोष्ट ऐकतात, दुसरी ऐकतच नाहीत. फटके ऐकू येतील, दवंडी ऐकू येणार नाही.

लोकापवाद कसा पसरतो याचे इतके अचूक निदान मी दुसरीकडे वाचलेले नाही. खुलासा कधीच अफवेच्या वेगाने जात नाही, हे त्या माणसाने दीड हजार वर्षांपूर्वी ओळखले आणि त्यावरून कायदा ठरवला. ज्या स्त्रीच्या बाबतीत हा निषेध सर्वांत गंभीर, थेट धर्मग्रंथातून आलेला, तिलाच शिक्षा नाही. बाराव्या शतकात इजिप्तमध्ये मैमोनिदेसने आपल्या ‘मिश्ने तोरा’ या महासंहितेत हाच निर्णय कायम केला. एकांत घडला तर स्त्री आणि पुरुष दोघांनाही फटके आणि जाहीर वाच्यता. अपवाद विवाहितेचा, कारण तिच्यावर आणि तिच्या मुलांवर किटाळ येऊ नये. एकट्या स्त्रीला शिक्षा आणि पुरुष मोकळा, असा प्रकार त्यात नाही.

याचा अर्थ ज्यू स्त्री निर्धास्त होती, असा नाही. घटस्फोट देण्याचा अधिकार नवऱ्याचाच होता, आणि बायकोने अन्न बिघडवले एवढे कारणही हिल्लेलच्या परंपरेला पुरे वाटे. पत्नीच्या संमतीशिवाय घटस्फोट देऊ नये, हे बंधन युरोपात रब्बेनू गेर्शोम यांच्या नावाने आले ते इ. स. १०००च्या आसपास. म्हणजे घालवून द्यायचेच ठरवले, तर नवऱ्याला वाटा होत्या. पण शास्त्राने तिला घालवायला लावले, असे त्याला म्हणता येत नसे.

*

१५६५ साली व्हेनिसला छापल्या गेलेल्या योसेफ कारोंच्या ‘शुल्हान आरूख’ या संहितेच्या ‘एव्हेन हा-एझेर’ भागाचा बाविसावा अध्याय या नियमासाठी आहे. कर्मठ ज्यू आजही तिथूनच सुरुवात करतात. विसाव्या शतकात नवे प्रश्न आले. लिफ्टमध्ये दोघेच असले तर? डॉक्टरच्या खोलीत? मोटारीत? कचेरीत वरिष्ठ आणि सेक्रेटरी? न्यूयॉर्कचे रब्बी मोशे फाइनस्टाइन यांच्यासारख्यांनी अशा प्रश्नांना उत्तरे दिली. बहुतेक उत्तरे फिरून जुन्या उघड्या दाराशीच येतात. लिफ्ट कुठल्याही मजल्यावर थांबू शकते. खोलीला कडी नसेल, दाराला काच असेल, कुणी न विचारता आत येऊ शकत असेल, तर एकांत होत नाही. दत्तक मुलांचा प्रश्न अधिक नाजूक. मुलगी तीन वर्षांची आणि मुलगा नऊ वर्षांचा होईपर्यंत नियम लागू नाही, पुढे काय? रब्बी वाल्डेनबर्ग यांनी घरच्या घरपणाकडे पाहून सवलत दिली, इतर काहींनी नाकारली.

याच शब्दाचे दुसरे टोक लग्नात दिसते. अश्केनाझी रिवाजात मांडवाखालचे विधी आटोपले की वधूवरांना एका खोलीत नेतात आणि दार लावून घेतात. बाहेर दोन साक्षीदार उभे राहतात. आत दोघे उपास सोडतात, चार शब्द बोलतात. त्या खोलीचे नाव ‘हेदेर यिहूद’. दार बंद झाले हे साक्षीने पाहिले गेले, म्हणून ते लग्न. दोन्हीकडे साक्ष आहेच. उघड्या दारालाही आणि बंद दारालाही.

नियमाची किंमत कोण मोजते, हा प्रश्न उरतोच. ज्या कचेरीत साहेब पुरुष आहे, तिथे बंद दाराआडच्या बैठकीतून वगळली जाते ती बाईच. ज्ञान ज्यांच्यापाशी आहे ते गुरू पुरुष असतील, तर एकटीने शिकायला जाता येत नाही ते मुलीलाच. उलट बाजूही आहे. शिक्षक, समुपदेशक, धर्मगुरू यांच्याकडून होणाऱ्या अत्याचारांची चर्चा ज्यू समाजात उघडपणे होऊ लागली, तेव्हा वर्गाच्या दाराला काच हवी, हे सांगायला जुना नियम कामी आला. कारोंनी पुढे चोविसाव्या अध्यायात, काळ बिघडला आहे म्हणून पुरुषाने पुरुषाबरोबरचा एकांतही टाळावा, असे लिहून ठेवले आहे. दाराची काच ही अम्नोनच्या अडसराला दिलेली चपराक आहे, असे मी मानतो.

*

माझ्या आत्याचा खटला रव आशींपुढे चालला असता तर? नियम मोडला, हे त्यांनी बहुधा मान्य केले असते. वाटेवर एका स्त्रीबरोबर एकच पुरुष पाठवला, ही चूक. ती चूक आधी पाठवणाऱ्यांच्या पदरात पडली असती. मग त्यांनी विचारले असते, नवऱ्याने हिला आधी काही बजावले होते काय? नाही. कुणी काही पाहिले काय? नाही. मग ही नवऱ्याला वर्ज्य नाही. आणि विवाहिता आहे, तेव्हा चव्हाट्यावर काही करू नका. लोक एक ऐकतील आणि दुसरे ऐकणार नाहीत.

आमच्या गावात लिहिलेला नियम नव्हता. त्यामुळे पुरावा किती लागतो हेही कुठे लिहिलेले नव्हते. जिथे नियम लिहिलेला नसतो तिथे शिक्षेला मोजमाप राहत नाही. एका रात्रीसाठी सेहेचाळीस वर्षे, हे त्याचे उदाहरण.

आत्या २००९ साली गेली. शेवटच्या दोन-तीन वर्षांत दुपारी मी तिच्यापाशी बसत असे. ती तांदूळ निवडायची, मी हिब्रूची अक्षरे गिरवायचो. एकदा तिने विचारले, “काय रे लिहितोस उजवीकडून डावीकडे?” मी सांगितले, थडग्यांवरची अक्षरे आहेत. ती म्हणाली, “मेलेल्यांचं वाचतोस होय. बरं आहे.” त्या दिवशीही मी तिला काही विचारले नाही. तोवर रव आशींचे ते पान माझ्या वाचनात आले नव्हते. ते आले तिच्या मागून.

विचारायला हवे होते. त्या रात्री काय झाले हे नव्हे. ते विचारण्याचा मला अधिकार नव्हता. तिला तेव्हा कुणी काही विचारले असते तर तिने काय सांगितले असते, एवढे तरी विचारायला हवे होते. पहिली गोष्ट १९६३ साली दुपारपर्यंत पंचक्रोशीने ऐकली. दुसरी गोष्ट, की काहीही सिद्ध झालेले नव्हते, आमच्या घरात कुणी मोठ्याने उच्चारली नाही. ती इथे लिहून ठेवतो.